एकही तक्रार नाही

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात जी बाई बसायची, तिला सगळं गाव कानांनी ओळखायचं. बाजारात ती बटाटे निवडत उभी राहिली तर कुणी ढुंकूनही बघायचं नाही. पण "कसे दिले?" एवढं तिनं तोंडातून काढलं की बटाटेवाली तराजू खाली ठेवायची. "अगोबाई, तुम्ही लाइटवाल्या ना? काल आमच्याकडे किती वेळ नव्हती हो!" झालं, बटाटे राहिले बाजूला आणि तक्रार सुरू. कंपनीत तिला तक्रारताई म्हणायचे. एकदा नाव पडलं ते पडलंच. पगाराच्या दिवशी कॅशियरसुद्धा "तक्रारताई, सही" असंच म्हणायचा.

लोकांना वाटतं, वीज कंपनीला सगळं दिसत असेल. कुणाचा दिवा गेला, कुणाचा पंखा बंद पडला, सगळं. कसलं डोंबलाचं दिसतंय! तिच्या खोलीत भिंतीवर एक बोर्ड होता आणि त्यावर मोठ्या लाइनींचे दिवे होते. मोठी लाइन बंद पडली की त्यातला एखादा लाल व्हायचा. पण त्या लाइनीला पुढे फुटलेल्या फांद्या, गल्लीबोळ, वस्त्या, तिथले ट्रान्सफॉर्मर आणि त्यांचे फ्यूज, यातलं काही म्हणजे काही त्या बोर्डाला कळत नसे. एखादी अख्खी वस्ती अंधारात बुडाली तरी हा आपला हिरवागार. खरी बातमी यायची ती फोनवरून. लाइट गेली की लोक फोन करायचे, तोंडाला येईल ते बोलायचे, आणि ते बोलणं कुठकुठून येतंय यावरून तक्रारताई सांगायची की कुठला फ्यूज उडाला. त्यामुळे त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगात एक गोष्ट मुरली होती. फोन वाजतोय म्हणजे लाइट गेली, फोन गप्प म्हणजे सगळं ठीक. हे कुणी ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं तसंच होत आलं होतं.

दुसरा नियम मात्र तिनं स्वतः घातला होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. वारावादळ सुटलं की तक्रारीचा फोन अडवायचा नाही. इथून कुणी बाहेर फोन लावायचा नाही, म्हणजे नाही. एकदा नवीनच आलेल्या साहेबांनी ऐन वादळात बायकोला फोन लावला, गच्चीवरचे कपडे काढ म्हणून. हिनं त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि खाली ठेवला. "साहेब, कपडे वाळतील परत. या फोनवर कुणाचा तरी जीव अडकलेला असतो." साहेब वयानं लहान आणि स्वभावानं गरीब. ते निमूटपणे आपल्या टेबलावर जाऊन बसले.

जीव अडकलेला असतो हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचा थोरला भाऊ वरच्या वस्तीत एकटा राहायचा. जन्मभर सुतारकाम केलं, लाकडाचा भुसा नाकातोंडात गेला, आणि म्हातारपणी फुप्फुसांनी हात टेकले. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन ओढून घेणारं, दिवसभर घुर्र करत राहणारं आणि विजेवर चालणारं. लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा करून ठेवला होता. पण त्या सिलिंडरची चावी घट्ट, आणि दादाच्या हातांत आता ती फिरवण्याचं बळ उरलं नव्हतं. मग बहीणभावांनी आपली एक रीत बसवली. लाइट गेली रे गेली की दादानं पहिला फोन करायचा. हिनं लगेच शिडीला वर पाठवायचं. शिडी म्हणजे कंपनीचा लाइनमन. इतका उंच, की हे नाव त्याला पहिल्याच दिवशी चिकटलं. त्यानं आधी दादाच्या घरात शिरून सिलिंडर सुरू करून द्यायचा आणि मग फ्यूज शोधायला जायचं. कंपनीच्या कामात हे बसत नव्हतं. साहेबांना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

दादाचा फोन म्हणजे एक तमाशाच. "लाइटवाल्या बाई, आम्ही जिवंत आहोत की मेलो ते जरा बघून सांगता का? इथे काही दिसत नाही."

"आपली तक्रार नोंदवली आहे," ही सरकारी आवाजात सांगायची. "माणूस निघाला आहे. आणि दादा, आता तोंड बंद ठेव, दम लागेल."

"बुटके, तू आहेस म्हणून बोलतो. मला काय हौस आली आहे?"

तिनं त्याला शंभरदा म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा, भला माणूस, त्याचंही काही म्हणणं नव्हतं. पण दादा कसला ऐकतोय! "तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा मला माझं मशीन बरं," म्हणायचा. स्वतः बांधलेलं घर, स्वतः घडवलेली दारं. तो हलला नाही.

अशात ती इंटरनेटची गोष्ट निघाली. वरची वस्ती टेकडीच्या आड, मोबाइलला रेंज नावालाच. गच्चीवर जाऊन एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिलं तर मिळायची, आणि दादाला गच्ची म्हणजे परदेशच. केबलवाल्याचं इंटरनेट बाजारापर्यंत येऊन थांबलेलं. पुढे न्यायला परवडत नाही म्हणायचा. दादाची एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात नोकरीला, आणि तिचा नुसता आवाज ऐकायचा तरी जुन्या टेलिफोनवर, तोही खरखरीत. तेव्हा वीज कंपनी म्हणाली, आमचे खांब घरोघर गेलेलेच आहेत, त्याच खांबांवर आणखी एक तार ओढतो, इंटरनेट आम्हीच देतो. पण वीज कंपनीनं असलं काही करावं की नाही, याला परवानगी लागत होती. ती द्यायची की नाही यासाठी शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी ठेवली.

केबलवाला तावातावानं बोलला. "वीज देणाऱ्यानं वीज द्यावी! ज्याच्या हातात दिवा त्याच्याच हातात फोन देऊ नका. उद्या एक खांब पडला तर दोन्ही जाईल, मग सांगाल कुणाला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तुझं तर खांब न पडताच जातं!"

सभागृह हसून लोटपोट. तक्रारताई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. केबलवाला होताच तसला. पैसे घ्यायला दारात हजर, तक्रार करायला गेलं की घराला कुलूप. अशा माणसानं एखादं खरं सांगितलं तरी ते कुणाच्या कानात शिरणार?

मग दादा उठला. शिडीनं सिलिंडर खांद्यावर मारून त्याला तिथवर आणलं होतं. दोन शब्द, मग श्वास, मग पुन्हा दोन शब्द, असं तो बोलला. "माझी पोरगी... कशी दिसते आता... मला माहीत नाही. आवाजावरून... माणूस म्हातारं झालेलं... कळत नाही हो." तो एवढंच बोलून खाली बसला, पण सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. परवानगी मिळाली.

आणि खोटं कशाला बोला, ते वर्ष दादाच्या आयुष्यातलं सोन्यासारखं गेलं. दुपार झाली की तो केस विंचरायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि नव्या टॅबलेटच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायचा. पलीकडे पोरीची सकाळ असायची. ती चहा करायची, वेणी घालायची, हा बघत बसायचा. एकदा तिनं पडद्यासमोर धरून आपलं मोडकं स्टूल दाखवलं, तर यानं इथून बसल्या बसल्या ते तिच्याकडून दुरुस्त करून घेतलं. "खिळा नको मारूस, गाढवे, पाचर मार!" असं ओरडताना त्याला धाप लागली, पण त्यातही हसत होता. तक्रारताई तिथेच बसून स्वेटर विणत होती. आपण केवढं चांगलं काम केलं, असं तिला वाटलं.

जुना टेलिफोन मात्र गेला. त्याची तार वेगळी होती, तिच्यात तिची स्वतःची वीज होती, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा. पण वस्तीतल्या एकेकानं तो काढून टाकला. कंपनीनं बसवलेल्या इंटरनेटच्या नव्या डबीतूनच चित्र यायचं आणि फोनही त्यातूनच लागायचा, मग दोन-दोन कशाला? शेवटी टेलिफोनवाल्यांनी आपली तारही गुंडाळून नेली. त्या डबीला चालायला घरातली वीज लागते, हे सगळ्यांना दिसत होतं. भिंतीतल्या प्लगमध्येच तर ती खोचलेली होती! पण दिसणं वेगळं आणि डोक्यात येणं वेगळं. त्या वर्षात लाइट गेली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा मोठी लाइनच गेली. बोर्ड लाल झाला आणि शिडी फोनची वाट न बघता वर पळाला. दादाला फोनला हात लावायची वेळच आली नाही.

मग ती दुपार आली.

जेवणं उरकली होती आणि वारं सुटलं. खिडक्या आपटल्या, अंगणातला पत्रा उडून रस्त्यावर गेला. तक्रारताईनं विणकाम पिशवीत टाकलं, पदर खोचला आणि दोन्ही फोन पुढ्यात ओढून घेतले. आता रांग लागणार, हे तिला पाठ होतं. बाजारातून थोडे फोन आले, तिनं ते निस्तरले. मग काही नाही. वारं ओरडत होतं, झाडं वाकत होती आणि फोन गप्प. बोर्ड हिरवा. साहेब दोनदा येऊन बघून गेले. "ताई, वरच्या वस्तीतून काही?"

"एकही तक्रार नाही साहेब."

"कमाल आहे! नव्या तारा टिकल्या म्हणायच्या." त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वरच्या कार्यालयाला कळवलंसुद्धा, एवढं वादळ होऊन एकही तक्रार नाही म्हणून. चहा मागवला. शिडी बाकावर पाय पसरून बसला होता, त्याचे पाय दारापर्यंत पोचत होते, आणि त्यावरून जरा थट्टाही झाली.

तिच्या मनात आलं होतं, दादाला एक फोन करावा. हात रिसीव्हरवर गेलाही होता. पण वादळात दोन्हीपैकी एकही फोन अडवायचा नाही. नेमका त्याच वेळी कुणाचा फोन आला तर? दादाचाच आला तर? तिनं हात मागे घेतला आणि फोन मोकळा ठेवला. त्याच्यासाठीच मोकळा ठेवला.

वारं पडलं. उन्हं कलली. आणि दारात वरच्या वस्तीतली शिंपीण येऊन उभी राहिली, दादाची शेजारीण, टेकडी उतरून चालत आलेली, केसांत पाचोळा. "अहो, दुपारपासून आमची लाइट नाही. फोन लावून लावून बोटं दुखली, लागतच नाही, गच्चीवर जाऊनही रेंज नाही. तुम्ही लोक करता काय इथे?"

तक्रारताईनं एकदा बोर्डाकडे पाहिलं. हिरवा. मग ती उठली, आणि खुर्ची मागे पडली ती कुणी उचलली नाही.

शिडीच्या मोटारसायकलवर मागे बसून ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा खाटेवर नव्हता. सिलिंडरपाशी गेला असावा, कारण चावी जमिनीवर पडली होती. तिथून फोनपर्यंत खुर्ची सरकवत आणल्याच्या खुणा फरशीवर होत्या. तो त्या खुर्चीत बसला होता, मान एका बाजूला, धुतलेला सदरा अंगात आणि रिसीव्हर मांडीवर. अंग गार पडलं होतं.

तिनं रडायलाही सुरुवात केली नव्हती. शिडीला मात्र तिथे उभं राहवेना. एवढा मोठा माणूस, पण आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. तो बाहेर गेला आणि त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. खांबावर चढला आणि फ्यूज बसवला.

घरात दिवा लागला. मशीन आपोआप घुर्र करायला लागलं. डबीवरचे हिरवे ठिपके एकेक करून उजळले. आणि लगेच पडदा वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय. तक्रारताईनं तो उचलला तेव्हा पलीकडून पोरीचा आवाज आधी आला, चेहरा मागून.

"बाबा! आली वाटतं लाइट!"

पुढे काय बोलणं झालं ते तिला कधीच नीट आठवलं नाही.

पोरीला लगेच येता आलं नाही. नोकरी, कागदपत्रं, तिकीट, सतरा भानगडी. तोवर इकडे तक्रारताई पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसली. कंपनीनं तिला काही बोल लावला नाही, उलट सगळे हळू आवाजात बोलायचे. साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात मीटरच आपणहून सांगतील लाइट गेल्याचं, आणि घरोघर डबीला बॅटरीही देऊ. ती हो म्हणाली. पण तिच्या मनाचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच.

पूर्वी फोन गप्प झाला की ती विणकाम काढायची. आता फोन गप्प झाला की तिच्या अंगावर काटा यायचा. तिला वाटायचं, त्या गप्प फोनच्या मागे माणसं उभी आहेत. तोंडं हलतायत, आवाज इकडे पोचत नाही. ती रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची, ठेवायची. पुन्हा उचलायची. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि ती कान टवकारायची. "वाजला," म्हणायची. नवरा म्हणायचा, "नाही गं वाजला." ती म्हणायची, "तेच तर."

एकच प्रश्न तिला कुरतडत होता. दादानं फोन केला असणार, मांडीवर रिसीव्हर होता म्हणजे केलाच असणार. पण त्या मेलेल्या फोनमध्ये तो काय बोलला असेल? पलीकडे मी आहे असं समजून बोलला असेल का? की ही उचलत का नाही, असं वाटून गेलं असेल त्याला? हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

मग तिनं उलटंच सुरू केलं. ऊन लख्ख पडलेलं, पान हलत नाही, अशा दुपारी ती कुणाच्याही घरी फोन लावायची. "लाइट आहे ना?" आधी लोकांना गंमत वाटली. नंतर एक मास्तर चिडले. "अहो, आहे! सकाळीही होती, उद्याही असेल, मला झोपू द्या!" कुणी भरदुपारी खिडकीचा पडदा ओढून घेतलेला दिसला तर ती दार ठोठावायची. लोक तिला बघून गल्ली बदलायला लागले. ज्या बाईला सगळे फोन करायचे, तिचा फोन आला की माणसं उचलेनाशी झाली. साहेब खाली मान घालून म्हणाले, "ताई, थोडे दिवस घरी बसलात तर..." ती म्हणाली, "घरी बसून काय करू? तिथलाही फोन गप्पच आहे."

आणि एक दिवस, फळीवरचे कप उतरवताना, तिला पोरीचं ते वाक्य आठवलं. बाबा, आली वाटतं लाइट. तिच्या हातातला कप तसाच राहिला. अरे, म्हणजे हिला माहीत होतं! समुद्रापलीकडे बसलेल्या पोरीला कळलं होतं लाइट गेली ते, आणि मला, दोन फोन पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईला, कळलं नव्हतं. कळलं होतं तर गप्प का बसली? संताप संताप झाला तिचा. इतके दिवस स्वतःला खात होती, आता खायला दुसरं कुणीतरी मिळालं. वाईट वाटेल ऐकायला, पण तिला त्यात थोडं बरं वाटलं.

भाची आली ती वडिलांच्याच घरी उतरली. अंगानं वाळलेली, डोळे खोल गेलेले. दोघी समोरासमोर बसल्या, मधे ते बंद मशीन. पाणी दिलं, घेतलं. मग भाचीनंच तोंड उघडलं.

"आत्या, एक विचारू? बाबांनी तुला फोन केला होता का?"

"म्हणजे? केला असता तर मी उचलला नसता?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! सरळ विचार की, आत्या झोपली होती का म्हणून!" तक्रारताईचा आवाज चढला. "आणि तू? तुला कळलं होतं ना लाइट गेली ते? तूच म्हणालीस, आली वाटतं लाइट म्हणून. या कानांनी ऐकलंय मी. तुला कळलं होतं आणि तू काय केलंस?"

भाचीचा चेहरा पांढरा पडला. ती मशीनची नळी बोटांभोवती गुंडाळायला लागली.

"आम्ही बोलत होतो," ती म्हणाली. "बाबा मला सांगत होते, वारं सुटलंय, खिडकी लावतो. आणि पडद्यावर ते तसेच थांबले. हात खिडकीकडे, तोंड अर्धवट उघडं. मी हाक मारली. मग पडदा काळा झाला. मला वाटलं, गेली लाइट." ती थांबली. "आणि मला अजिबात काळजी वाटली नाही गं. खरंच नाही वाटली. मी म्हटलं, आत्या आहे ना तिथे. तिला आधी कळतं. एव्हाना शिडी निघालासुद्धा असेल. मी केस बांधले आणि कामावर गेले. सकाळभर चादरी धुतल्या. मधल्या सुट्टीत लावत होते, आधी लागला नाही, तर म्हटलं, अजून आली नसेल. तू होतीस ना, म्हणून."

तक्रारताईचा राग कुठे गेला कुणास ठाऊक. तिला एकदम दिसलं, की ही दोघं बापलेक तिच्या भरवशावर निर्धास्त बसली होती आणि ती फोनच्या भरवशावर. उठून ती भाचीजवळ गेली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. मग दोघी रडल्या, अगदी मोठ्यानं. शिंपीण दारापर्यंत येऊन परत गेली.

त्याच सुमारास शेजारच्या गावानंही हेच मागितलं, आम्हालाही वीज कंपनीचं इंटरनेट द्या. पुन्हा सुनावणी. केबलवाला तक्रारताईच्या दारात येऊन उभा. "ताई, तुम्ही बोलूही नका. नुसत्या उभ्या राहा, बाकी मी बोलतो." तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवला. "माझ्या भावाला घेऊन दुकान मांडू नकोस," म्हणाली. साहेबही येऊन गेले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "ताई, तुम्ही जे म्हणाल ते." त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

सुनावणीचे अधिकारी प्रौढ, शांत, पेन बंद-उघड करणारे. पहिल्या रांगेत भाची. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तक्रारताईला पुढे बोलावलं. तिनं नाव सांगितलं तर कुणाचीही मान वर झाली नाही, पण तिचा आवाज ऐकताच मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

"बाई, आपलं मत सांगा. वीज कंपनीला ही परवानगी द्यावी की देऊ नये?"

तिनं भाचीकडे बघितलं.

"साहेब, माझ्या भावाला वर्षभर त्याची पोर दिसली. मेलेला माणूस खोटं बोलत नाही असं धरून चाला, तर तो आजही म्हणेल, द्या. म्हणून मला नको म्हणता येत नाही. आणि द्या म्हणायला जाते तर जीभ उचलत नाही. माझं राहू द्या."

"पण काहीतरी सांगा. तुमचं म्हणणं नोंदवायचं आहे."

"मग एवढंच लिहा. आमच्याकडे इंजिनिअर आहेत, लाइनमन आहेत, हिशोबाला माणसं आहेत. ते इंटरनेट आलं तेव्हा त्यासाठीही वेगळी माणसं घेतली. पण फोन वाजला नाही तर घाबरायला कुणी नव्हतं. त्या दुपारी आम्ही सगळे खूश होतो साहेब. चहा प्यालो." तिनं पदर खोचला. "तेवढं एक माणूस ठेवा. काहीच झालं नाही की ज्याला भीती वाटेल असं."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "असं पद नसतं हो, बाई."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सध्या मीच करते ते. पण माझं वय झालं. मी गेल्यावर कोण घाबरेल, ते आत्ताच ठरवा."

अधिकारी काही लिहायचं म्हणून खाली वाकले, आणि ती तशीच उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.